डोक्यात पाणी झालेलं बाळ : टेपने मोजण्यापासून शंटनंतरच्या वर्षांपर्यंत

बाळाच्या कार्डावर वजनाचा रकाना भरलेला असतो, लसींच्या तारखा असतात, पण डोक्याच्या घेराची जागा बहुतेक वेळा कोरी. मुलांच्या न्यूरोसर्जरी ओपीडीत समुपदेशनाचं काम करताना ही कोरी जागा मी नेहमी बघते. सहा-सात महिन्यांचं बाळ, डोकं डोळ्यांत भरण्याइतकं मोठं, नजर खाली उतरलेली, आणि आई सांगते, ‘दोन-तीन महिन्यांपासून मोठं वाटत होतं, पण घरात सगळे म्हणाले, मोठ्या डोक्याचं पोर हुशार निघतं.’ त्या दोन-तीन महिन्यांत मेंदूवरचा दाब वाढतच गेलेला असतो. शस्त्रक्रियेने दाब उतरतो, पण तोवर झालेली इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून सुरुवात टेपपासून करू.

त्याआधी थोडक्यात, आत काय होतं ते. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो, मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. हा द्रव अरुंद वाटांनी मेंदूभोवती येतो आणि रक्तात शोषला जातो. वाट जन्मतःच अरुंद असली, किंवा शोषणच नीट होत नसलं, की पोकळ्या फुगतात. हाच हायड्रोसिफॅलस, आपल्याकडच्या बोलीत ‘डोक्यात पाणी होणं’. बाळाच्या कवटीची हाडं अजून सांधलेली नसतात, त्यामुळे डोकं मोठं होत जातं. तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली बारीक वाट बंद असणं हे एक नेहमीचं जन्मजात कारण. पाठीच्या कण्याच्या दोषासोबत, म्हणजे स्पायना बायफिडासोबत, हा त्रास फार वेळा येतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोक्यात रक्तस्राव झाला असेल, किंवा जन्मानंतर मेंदूज्वर, टीबीचा मेंदूज्वर झाला, तरीही पाणी साठतं.

टेप कसा धरायचा

शिंप्याचा जुना, ताणला जाणारा टेप नको. कागदी किंवा न ताणणारा टेप घ्या. पुढून भुवयांच्या थोडा वर, बाजूने कानांच्या वरून आणि मागे डोकं जिथे सर्वात जास्त बाहेर आलंय तिथून फिरवा. केस दाबले जातील इतपत घट्ट धरा. तीनदा मोजा आणि सर्वात मोठा आकडा तारखेसह लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेलाच मोजलं की विसरायला होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलग्यांचा सरासरी घेर जन्माच्या वेळी सुमारे ३४.५ सेंमी, तीन महिन्यांना ४०.५, सहा महिन्यांना ४३.३ आणि वर्षाला ४६ असतो. मुलींचा जन्माच्या वेळी अर्धा सेंटीमीटर आणि वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर कमी. म्हणजे पहिले तीन महिने महिन्याला साधारण दोन सेंमी, पुढचे तीन महिने एक, नंतर अर्धा. सातव्या महिन्याच्या बाळाचा घेर एका महिन्यात दोन सेंटीमीटरने वाढला, तर बाळ कितीही हसत-खेळत असलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. एकट्या आकड्यापेक्षा वाढीची रेघ महत्त्वाची. काही घरांत डोकी मोठीच असतात. म्हणून डॉक्टर वडिलांचं डोकं मोजतात, तेव्हा आश्चर्य वाटून घेऊ नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मूळ ठरलेल्या तारखेपासून धरायचं असतं.

टेपबरोबर हात आणि डोळेही लागतात. बाळ शांत असताना त्याला उभं धरा आणि टाळूवर हळूच बोट ठेवा. टाळू सपाट किंवा किंचित आत असावी. रडताना ती फुगते, त्याची काळजी नको. शांत बसलेल्या बाळाची टाळू टम्म लागत असेल, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसत असतील, बुबुळं खाली उतरून वर पांढरा भाग दिसत असेल, बाळ दूध ओढेनासं झालं असेल, सारखं झोपत असेल किंवा रडणं किनरं झालं असेल, तर महिनाभर वाट बघायची नसते. टाळू दीड वर्षाच्या आसपास भरते. ती लवकर भरावी म्हणून तेलाचे थर देण्याने काही फरक पडत नाही. तेल लावायचंच असेल तर नुसतं लावा, दाबू नका.

कुणाकडे जायचं, काय तपासायचं

पहिली पायरी बालरोगतज्ज्ञ. गावात नसतील तर आशाताई किंवा अंगणवाडीतल्या ताईंना ‘आरबीएसकेची गाडी कधी येते’ असं विचारा. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढे पाठवणी त्यात मोफत होते, आणि मज्जारज्जूचे जन्मजात दोष त्यांच्या यादीत आहेत. या पथकाची चिठ्ठी हातात असली की जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, आणि तिथून मोठ्या रुग्णालयाकडे जाणं सोपं होतं.

टाळू उघडी असेपर्यंत पहिली तपासणी सोनोग्राफी. टाळूवर यंत्र ठेवून पोकळ्या दिसतात. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. पाणी आहे हे कळलं की कारण शोधायला एमआरआय लागतो. वाट कुठे बंद आहे हे त्यातच नीट दिसतं, आणि कोणती शस्त्रक्रिया करायची हे त्यावर ठरतं. सीटी स्कॅन मिनिटभरात होतो, तातडीच्या वेळी तोच कामाचा. पण त्यात किरणोत्सर्ग असतो, म्हणून ‘एकदा बघून घेऊ’ म्हणत दर महिन्याला सीटी काढू नये. जुन्या फिल्म आणि सीडी प्रत्येक वेळी सोबत न्या, म्हणजे तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

औषधाने पाणी आटेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. द्रव कमी करणारी गोळी कधी काही दिवसांपुरती देतात. बंद वाट त्याने उघडत नाही. काढे, लेप, भस्म यांत गेलेला महिना हा मेंदूचा गेलेला महिना असतो. कुणाच्या श्रद्धेला दुखवायचं म्हणून मी हे लिहीत नाही. या मुलांच्या बाबतीत उशिराची किंमत मूल मोजतं, म्हणून लिहिते.

शंट की एंडोस्कोपी

शंट म्हणजे मऊ सिलिकॉनची नळी. तिचं एक टोक मेंदूच्या पोकळीत, मध्ये एक झडप, आणि दुसरं टोक कानामागून, मानेतून, छातीवरून त्वचेखालीच पोटात सोडलेलं. दाब ठरावीक मर्यादेवर गेला की झडप उघडते आणि जास्तीचा द्रव पोटात जाऊन शोषला जातो. पोटात नळीचा वाढीव भाग ठेवतात, म्हणजे मूल उंच झालं तरी ती पुरते. या झडपेमागे एका बापाची धडपड आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाचा मुलगा स्पायना बायफिडा आणि हायड्रोसिफॅलस घेऊन जन्मला. होल्टर यांनी न्यूरोसर्जन युजीन स्पिट्झ यांच्यासोबत १९५० च्या दशकात सिलिकॉनची झडप घडवली, आणि तेव्हापासून शंट खऱ्या अर्थाने भरवशाचा झाला.

दुसरी पद्धत ईटीव्ही. डोक्याला लहान छिद्र पाडून दुर्बीण तिसऱ्या पोकळीत नेतात आणि तिच्या तळाला भोक पाडून द्रवाला नवी वाट करून देतात. शरीरात नळी राहत नाही, हा मोठा फायदा. पण ती प्रत्येकाला लागू पडत नाही. बाळाचं वय, पाणी होण्याचं कारण आणि आधी शंट घातलाय का, या तीन गोष्टींवरून यशाची शक्यता काढतात. वर्षापुढच्या, वाट जन्मतः अरुंद असलेल्या मुलात ती चांगली असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात किंवा मेंदूज्वरानंतर बरीच कमी. लहान बाळांत ईटीव्हीसोबत द्रव तयार करणाऱ्या पेशींचा भाग जाळण्याची पद्धत डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडात विकसित केली. शंट बिघडला तर गाठायला जवळ रुग्णालय नाही, अशा मुलखात नळीवर अवलंबून राहणं धोक्याचं, हा त्यामागचा विचार होता. तिथल्याच मबाले शहरातल्या १०० बाळांवरच्या अभ्यासात शंट आणि ही पद्धत यांत वर्षभरानंतर बाळांच्या बौद्धिक वाढीत फरक आढळला नाही. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

सर्जनना हे विचारा : पाणी कशामुळे झालं? आमच्या बाळात ईटीव्ही चालेल का, नसेल तर का नाही? झडप कोणत्या दाबाची घालणार? वर्षाला अशा किती मुलांची शस्त्रक्रिया इथे होते? रात्री-अपरात्री शंट बंद पडला तर इथेच यायचं का? चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही.

पैशांबद्दल

इथे मला जरा थांबून बोलायचंय, कारण कर्ज काढलेले आईबाप मी पाहिलेत. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला तयार होणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने खूपच स्वस्त आहे आणि देशभर वापरला जातो. डॉ. वॉर्फ यांनी युगांडात १९५ मुलांमध्ये त्याची एका परदेशी शंटशी तुलना केली. वर्षभरानंतरचे निकाल सारखेच निघाले. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा शंट काही मुलांना खरोखर लागतो. पण ‘महाग म्हणजे चांगला’ या समजुतीवर शेत गहाण ठेवू नका. आमच्याच बाळाला तो का हवा, हे सर्जनकडून समजून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. बाळाचं नाव रेशन कार्डावर अजून चढलेलं नसतं आणि तिथे गाडी अडते, म्हणून जन्मदाखला आधी काढून घ्या. तातडीच्या वेळी कागद मागाहून देण्याची सोय आहे का, हेही त्यालाच विचारा. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय, केईएम, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ही सर्वसामान्यांना माहीत असलेली ठिकाणं आहेत.

शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवस

शंटचा मोठा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्याच वेळी त्वचेवरच्या जंतूंपासून होते. म्हणून डोक्यावर पुरळ, फोड, खपली, मानेत घामोळं असेल तर आधी दाखवा. सर्दी-खोकला, ताप, जुलाब लपवू नका. तारीख पुढे गेली तर वाईट वाटेल, पण तापात घातलेला शंट काढावा लागला तर बाळाला दोन-तीन शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात.

जावळाचा प्रश्न हमखास येतो. ‘नाहीतरी केस काढायचेतच, तर विधी करून घेऊ’ म्हणून आदल्या दिवशी वस्तऱ्याने डोकं साफ करून आणतात. हे करू नका. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. लागतील तेवढेच केस ऑपरेशनच्या वेळी यंत्राने कापतात. जावळ जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून.

उपाशी ठेवण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतात : साधारणपणे आईचं दूध चार तास आधी आणि वरचं दूध सहा तास आधी बंद. रडतंय म्हणून आजीने पाजलेलं वाटीभर दूध भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. जवळ असणाऱ्या प्रत्येकाला ही वेळ सांगून ठेवा. आणि पाठीवर गाठ असलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडाच्या बाळांना रबराची, लॅटेक्सची ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त असते. हातमोजे, नळ्या लॅटेक्सविरहित असाव्यात. वाढदिवसाचे फुगेही या मुलांपासून दूरच.

पाठीवर किंवा डोक्यामागे गाठ घेऊन जन्मलेल्या बाळाला तर थांबायला वेळच नसतो. उघडी गाठ जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत बंद करावी असं धोरण आहे. तोपर्यंत तिच्यावर सलाइनने ओली केलेली निर्जंतुक पट्टी, बाळ कुशीवर किंवा पोटावर, गाठीवर वजन पडू द्यायचं नाही. हळद, राख, तेल काहीही लावायचं नाही.

नळी घातल्यावर

शंटची शस्त्रक्रिया साधारण तास-दीड तासाची. काही दिवसांत टाळू खाली बसते, कधी हाडांच्या कडा एकमेकींवर आल्यासारख्या लागतात. बाळ किती वेळ आडवं, किती वेळ टेकून ठेवायचं, ते सर्जन सांगतील तसं. कानामागची झडप बोटाला लागते. ती दाबून बघू नका, पाहुण्यांना दाखवूही नका. त्या बाजूवर सारखं झोपवलं तर नवीन जखमेची त्वचा दबते, म्हणून कूस बदलत राहा. जखम भरेपर्यंत डोक्याला तेल-मालीश नाही. नंतरही मानेवर-छातीवर जिथे नळी हाताला लागते तिथे रगडू नये. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका; पोट तटतटलं की पोटात उतरणारा द्रव अडतो. लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या.

आता सर्वात महत्त्वाचं. शंट बंद पडू शकतो. पहिल्या वर्षातच दर १० पैकी ३ ते ४ मुलांत तो बदलावा किंवा दुरुस्त करावा लागतो. ही कुणाची चूक नसते. मेंदूतल्या पेशी नळीच्या टोकात अडकतात, नळी सरकते, तुटते. लहान बाळात टाळू पुन्हा टम्म, उलट्या, सुस्ती, खाली उतरलेले डोळे, नळीच्या वाटेवर सूज. मोठ्या मुलात सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलटी, तिरळेपणा, चालण्यात फरक, अभ्यासातलं लक्ष अचानक उडणं. शंटच्या मुलाला उलट्या आणि झोपाळूपणा एकत्र दिसला, तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून रात्र काढू नका. थेट न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयात जा. वाटेत कुणी सलाइन लावून ठेवू म्हणालं, तर ‘शंट आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

ताप हा वेगळा धडा. पहिल्या काही महिन्यांत विनाकारण ताप, जखमेला लाली, पाणी झिरपणं, पोट दुखणं दिसलं, तर शंटचा संसर्ग नाही ना, हे आधी तपासलं पाहिजे. संसर्ग ठरला तर नळी काढून, द्रव काही दिवस बाहेरच्या पिशवीत घेऊन, प्रतिजैविकं देऊन मग नवी नळी घालतात. हा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असतो. घरच्या कामाची तशी तयारी ठेवा. ईटीव्ही झालेल्या मुलालाही या खुणा लागू आहेत. केलेलं भोक वर्षांनंतरही अचानक बुजू शकतं, म्हणून ‘नळी नाही, आता काळजी नाही’ असं मानू नका.

फाइल

एका पारदर्शक पिशवीत डिस्चार्ज कार्ड, शंटच्या कंपनीचं नाव, झडपेचा दाब, घातल्याची तारीख आणि बाळ बरं असतानाचा शस्त्रक्रियेनंतरचा स्कॅन ठेवा. हा शेवटचा स्कॅन सोन्यासारखा जपा. पुढे कधी शंका आली तर डॉक्टर त्याच्याशीच नवा स्कॅन ताडून बघतात. सगळ्याचे फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये हवेत. बीडकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात असतात. फाइल गावी पेटीत राहते आणि मूल फडावर आजारी पडतं. निघण्याआधी त्या भागातलं न्यूरोसर्जरीचं रुग्णालय कोणतं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दाब बदलता येणारा शंट असेल तर एमआरआयनंतर झडपेचा दाब तपासून घ्यावाच लागतो.

शस्त्रक्रियेनंतर मान धरणं, बसणं, बोलणं यांत उशीर दिसला तर डीईआयसीमध्ये फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार लगेच सुरू करा, ‘करेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. डोळे आणि कान तपासून घ्या. अपंगत्व राहिलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. शंटची पुष्कळ मुलं नेहमीच्या शाळेत शिकतात, खेळतात; डोक्यावर थेट मार बसणारे बॉक्सिंगसारखे खेळ सोडले तर खेळू द्या.

पाणी नसताना डोक्याचा आकार वेगळा असेल तर

ओपीडीत दुसरी मोठी रांग या बाळांची. कवटीच्या हाडांमधला एखादा सांधा जन्माआधीच जुळला तर डोकं त्या सांध्याच्या काटकोनातल्या दिशेला वाढू शकत नाही. याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एकाला. मधला उभा सांधा बंद असला की डोकं अरुंद आणि पुढून मागे लांबट होतं, हा सर्वात नेहमी दिसणारा प्रकार. कपाळाचा सांधा बंद असला की कपाळ त्रिकोणी.

मात्र एका बाजूला झोपून मागून चपटं झालेलं डोकं हे बहुतेक वेळा नुसतं दाबामुळे असतं. बाळाला मांडीवर बसवून वरून बघा. चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं असेल तर ते दाबाचं चपटेपण. शस्त्रक्रिया लागत नाही. जागं असताना देखरेखीखाली पोटावर ठेवणं, दिशा बदलून झोपवणं आणि मान एकीकडे आखडलेली असेल तर व्यायाम, यांनी ते सुधारतं. कान मागे ओढला गेला असेल किंवा सांध्यावर हाडाची धार लागत असेल तर न्यूरोसर्जनना दाखवा. मालीशवाल्या मावशींकडून डोकं दाबून गोल करून घेऊ नका. जुळलेला सांधा दाबून उघडत नाही. राईची उशीही नको. झोपेत बाळाच्या डोक्याखाली वर्षभर कसलीच उशी असू नये.

इथे वयाला फार महत्त्व आहे. तीन-चार महिन्यांच्या आसपास दुर्बिणीने लहान छेदातून बंद सांधा काढता येतो. रक्तस्राव कमी होतो, पण नंतर बरेच महिने दिवसाचे बहुतेक तास हेल्मेट घालावं लागतं. सहा महिन्यांनंतर मोठी शस्त्रक्रिया करून हाडांचे तुकडे नव्याने बसवतात, आणि त्यात बहुतेकदा रक्त द्यावं लागतं. दहाव्या महिन्यात पहिल्यांदा दाखवणाऱ्यांचा पहिला पर्याय तोवर हातचा गेलेला असतो. बोटं जुळलेली किंवा डोळे पुढे आलेले असतील तर एपर्ट, क्रूझोन असे सिंड्रोम असू शकतात. तिथे जनुकतज्ज्ञ आणि प्लॅस्टिक सर्जनही सोबत लागतात.

पुढचं बाळंतपण

पाठीच्या कण्याचा दोष असलेलं एक बाळ झालं असेल तर पुढच्या वेळी धोका वाढलेला असतो. फॉलिक ॲसिडने तो बराच टळतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात पुन्हा असं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. गर्भातली मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट ध्यानात येण्याच्या सुमारासच. म्हणून दिवस गेल्यावर गोळी सुरू करून उपयोग नाही. आधी असं बाळ झालेल्या आईने गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ५ मिलिग्रॅमची गोळी घ्यावी. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळीत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं; ती या आईला पुरत नाही. फिट्सवर व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता गर्भधारणेआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. त्यात गंभीर दोष दिसला तर निर्णय कुटुंबाचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपाताची मुभा कायद्यात आहे. गर्भ ठेवायचं ठरलं तर बाळंतपण न्यूरोसर्जरी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच ठरवावं आणि सातव्या महिन्यातच तिथे नाव नोंदवावं.